मराठी टंकलेखनासाठी घेतलेला नवा लॅपटॉप : एक परीक्षण

घरून मराठी टंकलेखनाची कामे करणाऱ्याला लॅपटॉप घेताना प्रोसेसरच्या पिढ्यांच्या आणि ग्राफिक्सच्या गप्पांचा फारसा उपयोग होत नाही. सोसायटीचे इतिवृत्त, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, वकिलांकडून आलेला मसुदा, एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध अशी कामे ज्याच्या टेबलावर येतात, त्याला यंत्र लवकर सुरू व्हावे, दिवसभर कुरकुर न करता चालावे आणि त्यावर शुद्ध मराठी उमटावे, एवढेच हवे असते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नव्हते आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून नवे यंत्र घेणे भाग पडले. ते १५.६ इंची पडदा, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) असलेले, पन्नास-पंचावन्न हजारांच्या पट्ट्यातील आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. या पट्ट्यातील चार-पाच कंपन्यांची यंत्रे आतून इतकी सारखी असतात की पुढचे बहुतेक सर्व त्यांतील कोणत्याही यंत्राला लागू पडावे.

खरेदी नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरील एका दुकानातून केली. तिथे गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा उत्साह संपतो, आणि ऑनलाइन भाव थोडा कमीही दिसतो. तरीही ज्याचे पोट टंकलेखनावर आहे त्याने कळफलकावर प्रत्यक्ष बोटे फिरवून पाहिल्याशिवाय यंत्र घेऊ नये, असे माझे मत आहे. दुकानदाराने दाखवण्यासाठी ठेवलेल्या यंत्रावर मनसोक्त टाइप करू दिले, याबद्दल त्याला पूर्ण गुण. बिलावर सीरियल नंबर घालून मागावा लागला, तो त्याने विनातक्रार घातला. हा नंबर खोक्यावरच्या आणि यंत्राच्या पाठीवरच्या नंबराशी तिथेच जुळवून पाहावा. बिलात १८ टक्के जीएसटी असतो. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी आपला क्रमांक बिल फाडण्यापूर्वीच सांगावा, नंतर बिल बदलून घेणे कटकटीचे होते.

गुण कापावे लागतात ते ‘सेटअप’ या सेवेसाठी. बिल होताच काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, सगळं रेडी करून देतो, तुम्ही फक्त घरी नेऊन चालू करा.” ही सेवा फुकट असते आणि बहुतेक ग्राहक ती आनंदाने घेतात. शेजारी एका गृहस्थांचा लॅपटॉप असाच ‘रेडी’ होत होता, त्यावरून ती कशी चालते हे दिसले: वापरकर्त्याचे नाव म्हणून दुकानाचे नाव, खाते दुकानाच्याच ई-मेलचे, आणि पासवर्ड सर्व ग्राहकांना एकच. वरवर पाहता यात बिघडले काहीच नाही, पासवर्ड घरी जाऊन बदलता येतो. परंतु विंडोज ११ असलेल्या बहुतेक नव्या यंत्रांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा प्रवेश केला की आतील सर्व माहिती आपोआप कूटबद्ध होते आणि ती उघडण्याची ४८ अंकी किल्ली त्याच खात्यात जमा होते. उद्या मदरबोर्ड बदलला किंवा बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या) अपडेटमध्ये काही गडबड झाली, तर यंत्र ती किल्ली मागते. आणि ती असते दुकानाच्या ई-मेलमध्ये, ज्याचा पासवर्ड सांभाळणारा मुलगा तोवर दुसरीकडे नोकरीला लागलेला असतो. लॅपटॉपसोबत मिळणारे कायमस्वरूपी ऑफिसही, ज्याच्या किमतीचा भार आपण यंत्राच्या किमतीतच सोसलेला असतो, ते ज्या खात्यातून सक्रिय होते त्या खात्यालाच चिकटते. मी ही सेवा नाकारली. त्यावर “मग काही अडचण आली तर आमच्याकडे येऊ नका” असे ऐकावे लागले, ते दुकानदाराला शोभणारे नव्हते. शेवटी पडद्यावर मृत ठिपके नाहीत ना, बिजागऱ्या सैल नाहीत ना, एवढे काउंटरवर पाहून यंत्र बंद केले आणि घरी आणले.

घरी पहिली सुरुवात करताना देश, कळफलक, वाय-फाय आणि खाते हे टप्पे ओळीने येतात. यात कठीण काही नाही, फक्त घाई नको. देश ‘भारत’ निवडला की तारखांची मांडणी आपल्या पद्धतीने येते. खात्यासाठी स्वतःचा, ज्याचा पासवर्ड आणि मोबाइल क्रमांक दोन्ही हाताशी आहेत असाच ई-मेल द्यावा. मधल्या पानांवर जाहिरातींसाठी ओळख, स्थान, वापराची माहिती पाठवणे असे अनेक होकार आधीच दिलेले असतात. ते एकेक करून बंद करता येतात. त्यानंतर अपडेट सुरू होतात आणि ती संध्याकाळ त्यांच्याच नावे लिहून टाकावी लागते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम काढू नये, दिवसाचा डेटा त्यातच संपतो.

दोन गोष्टी नव्या वापरकर्त्याला हमखास चक्रावतात. पहिली म्हणजे ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी एवढीच दिसते. यात कोणी फसवलेले नसते. कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीने, म्हणून आकडा घटतो. त्यातूनही पुनर्स्थापनेसाठी राखलेला भाग वजा होतो. दुसरी गोष्ट वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवणजागेची. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हकडे वळवण्याचा या यंत्रणेचा कल असतो, आणि मोफत जागा ५ जीबीच मिळते. स्कॅन केलेल्या शंभर-दोनशे पानांच्या दोन-चार फाइली ठेवल्या की जागा भरल्याची सूचना आणि पैसे भरण्याचे आमंत्रण एकदमच येते. ग्राहकांची कागदपत्रे सांभाळणाऱ्याने हा बॅकअप सुरुवातीलाच बंद करून वेगळी बाह्य डिस्क वापरावी, हे मला अधिक सुरक्षित वाटते. महिनाभराच्या चाचणीवर दिलेले अँटिव्हायरस मी पहिल्याच दिवशी काढून टाकले, कारण विंडोजमधील डिफेंडर अशा कामाला पुरेसा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे मराठीकडे. “मराठी टाकून पाहिजे का?” असे दुकानात विचारले जाते, आणि त्याचे वेगळे पैसेही घेतले जातात. टाकले जाते ते काय, तर बहुधा गुगल इनपुट टूल्सची कुठून तरी मिळवलेली जुनी प्रत, जी गुगल आता विंडोजसाठी देतच नाही, आणि जोडीला शे-दोनशे फॉन्टची एक पेटी, ज्यातील निम्मे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या काळातले असतात. यातील कशाचीच गरज नसते. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ या भागात जाऊन भाषांच्या यादीत मराठी जोडली की इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना) आणि फोनेटिक असे दोन्ही कळफलक विनाशुल्क उपलब्ध होतात. जोडताना ‘डिस्प्ले लँग्वेज’ची खूण मात्र काढून ठेवावी, नाहीतर सर्व मेनू मराठीत येतात आणि फोनवरून मदत करणाऱ्याला कुठे काय आहे हे सांगता येत नाही. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. एवढ्या सोयीला दुकानाच्या फलकावर ‘मराठी सॉफ्टवेअर’ म्हणून विकले जाते, हे जरा अतीच आहे.

फोनेटिक कळफलकात रोमन अक्षरे टाइप केली की मराठी शब्दांचे पर्याय पुढे येतात. अधूनमधून एखादे पत्र लिहिणाऱ्याला ते पुरेसे आहे. रोजच्या कामाला माझ्या मते इनस्क्रिप्टला पर्याय नाही. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आहेत; ‘डी’च्या जागी हलन्त, ‘जे’वर र, ‘के’वर क आणि ‘एल’वर त. ‘दुसऱ्या’ लिहिताना शिफ्टसह ‘जे’ दाबून ऱ, मग हलन्त, मग य, असे केले की अर्धा र नेमका हवा तसा उमटतो. फोनेटिकमध्ये याच शब्दासाठी पर्यायांच्या यादीत डोळे फिरवावे लागतात आणि लय तुटते. या यंत्राच्या कळांवर देवनागरी छापलेली नाही, तशी ती आजकाल बहुतेक लॅपटॉपवर नसते. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी चिकटपत्रे लावता येतात, पण उन्हाळ्यात घामाने त्यांच्या कडा सुटतात. त्याऐवजी इनस्क्रिप्टचा तक्ता छापून भिंतीवर लावणे बरे.

फॉन्टच्या बाबतीत एक बारीक गोष्ट नोंदवावीशी वाटते. नव्या यंत्रावर देवनागरीसाठी सुरुवातीला निर्मला हाच फॉन्ट असतो. सरकारी कार्यालयांचे अनेक जुने नमुने ‘मंगल’मध्ये असतात, आणि तो फॉन्ट नव्या विंडोजमध्ये मुळात बसवलेलाच नसतो; मराठी भाषा जोडल्यावर कोकिळा, उत्साह, अपराजिता यांच्यासोबत तो पूरक फॉन्ट म्हणून उतरतो. तोवर नमुना उघडला तर ओळी सरकतात, तक्त्याची घरे फुगतात आणि एका पानाचा अर्ज दोन पानांवर जातो. निर्मलामधील ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. मराठी वळणाचा पाकळीदार ल आणि देठाचा श हवा असेल, तर राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे मोफत युनिकोड फॉन्ट बसवावेत. वर्डमध्ये अक्षराचा आकार बदलूनही कधी कधी मराठी मजकूर जागचा हलत नाही. त्याचे कारण फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठी आकार वेगळा नोंदलेला असतो. तो तिथे जाऊन बदलला की काम होते.

जुन्या फाइलींचा प्रश्न मात्र हे यंत्र सोडवत नाही, आणि ती अपेक्षाही ठेवू नये. सुरेख किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये वीस वर्षांपूर्वी केलेले अहवाल इथे उघडले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा दिसतो, कारण त्या काळी अक्षरांना दिलेले सांकेतिक क्रमांक फॉन्टनिहाय वेगळे होते. परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, परंतु जोडाक्षरे आणि रफार पुन्हा तपासावेच लागतात. ज्यांच्याकडे अशा फाइलींचे कपाट भरले आहे त्यांनी जुना संगणक लगेच भंगारात देऊ नये. नव्या यंत्रात डीव्हीडी ड्राइव्हही नाही, त्यामुळे सीडीवरचा मजकूर जुन्या यंत्रातूनच पेनड्राइव्हवर घ्यावा लागतो.

कळफलकाचा दाब मऊ आणि आवाज कमी आहे. तासन्‌तास टाइप करूनही मनगट दुखले नाही. उजवीकडची आकड्यांची पट्टी अरुंद केलेली आहे, ताळेबंदाचे आकडे भरताना बोट शेजारच्या कळेवर जाते. उजवीकडच्या कंट्रोलची जागा कोपायलटच्या (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाच्या) कळेने बळकावली आहे, ही मला या यंत्रातील सर्वांत चुकीची गोष्ट वाटते. दोन हातांनी टाइप करणाऱ्याचे बोट सवयीने तिथे जाते आणि ऐन कामात नको ती खिडकी उघडते.

विजेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पंचवटी, भद्रकाली या जुन्या भागांत राहणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. या लॅपटॉपचे झाकण धातूचे आहे आणि चार्जरची वायर तीन पिनांची आहे. जुन्या वाड्यांतील कित्येक सॉकेटमध्ये तिसरे भोक दिसते, पण त्यामागे अर्थिंगची तार नसते. अशा ठिकाणी चार्जिंग चालू असताना झाकणावरून बोट फिरवले की बारीक झिणझिण्या येतात. यंत्र बिघडले म्हणून लोक ते घेऊन दुकानात धावतात, तिथे काहीच आढळत नाही, कारण तिथे अर्थिंग व्यवस्थित असते. चार्जरमधून होणारी अत्यल्प गळती जमिनीत जायला वाट नसल्यामुळे शरीरातून जाते, एवढाच तो प्रकार. वायरमनकडून अर्थिंग करून घेतले की थांबतो. दोन पिनांचा अडॅप्टर मध्ये घालून वापरणे हा उपाय नाही, त्याने आहे ते अर्थिंगही तुटते.

मराठी टंकलेखन, ई-मेल आणि अधूनमधून स्कॅनिंग असा वापर ठेवला तर बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत आरामात पुरते. देखभालीसाठी वीज बंद ठेवली जाते त्या दिवशीही काम अडले नाही. यंत्र दिवसभर चार्जरवरच राहणार असेल, तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे, ती चालू करावी. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम अशी सतत राहिली की लवकर झिजते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तर जास्तच.

वॉरंटीची मुदत कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर घालून पहिल्याच आठवड्यात पाहावी. तिथे कधी कधी सुरुवातीची तारीख खरेदीच्या आधीची दिसते. बिलाची प्रत पाठवली की ती दुरुस्त होते, पण वर्षभराने पाठवली तर वाद घालावा लागतो.

निव्वळ मजकुराच्या कामासाठी हे यंत्र मी निःशंकपणे सुचवेन. लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि मुखपृष्ठे करणाऱ्यांनी मात्र या पट्ट्यात अडकू नये. पडद्याच्या तपशिलात रंगांच्या व्याप्तीसाठी ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते, त्याचा व्यवहारातला अर्थ असा की कुंकवाचा लाल विटकरी दिसतो, भगवा फिका दिसतो आणि छापखान्यातून आलेला कागद पडद्याशी जुळत नाही. त्यांनी पंधरा-वीस हजार अधिक घालून ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेला पडदाच घ्यावा, किंवा याच लॅपटॉपला एचडीएमआयने एक चांगला मॉनिटर जोडावा.