पाच हजारांचा सल्ला आणि दोन लॉगबुकं

लेकीचं सीपीएल, म्हणजे पगारी वैमानिक व्हायचा परवाना, हातात येऊन नऊ महिने झाले होते. दोनशे तास उडवून झाले, डीजीसीएचे (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे) पेपर सुटले, आरटीआर (विमानातून रेडिओवर बोलण्याचा परवाना) झालं आणि पोरगी घरात बसून दिवसातून दहा वेळा मेल उघडतेय. एअरबसचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका जातीचं विमान उडवायचं प्रशिक्षण, स्वखर्चाने करायचं तर पुन्हा लाखांचं कर्ज. तिचे बाबा म्हणाले, "आता आणखी एक पैसा नाही." म्हणून आम्ही दोघी जळगावहून रात्रीच्या गाडीने ठाण्याला गेलो, एका निवृत्त कॅप्टनकडे, नोकरी कुठे धरावी हे विचारायला: प्रादेशिक एअरलाइन, भाड्याने विमान देणारी चार्टर कंपनी, की एखाद्या शेठचं स्वतःचं, म्हणजे कॉर्पोरेट विमान. दीड तासाचे पाच हजार. एवढे आमचा हाडांचा डॉक्टरसुद्धा घेत नाही.

पहिला अर्धा तास वाया गेला. लॅपटॉपवर एकामागून एक स्लाइड. त्यातल्या एकीवर एअरलाइनच्या वैमानिकाची आठवड्याची विश्रांती ३६ तास लिहिलेली. लेक म्हणाली, "सर, जुलै २०२५ पासून ४८ झालेत." सर जरा वरमले, लॅपटॉप मिटला आणि कपाटातून स्वतःची दोन जुनी लॉगबुकं, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवह्या, काढली. पैसे वसूल झाले ते इथे.

एकात एटीआर ७२ चे, म्हणजे जवळच्या गावांना जाणाऱ्या पंख्याच्या प्रवासी विमानाचे दिवस. एकेका तारखेखाली चार-चार ओळी, महिन्याची बेरीज ७१ तास. दुसऱ्यात चार्टरचं किंग एअर, मोजक्या माणसांचं छोटं विमान. अख्ख्या महिन्यात सहा ओळी, बेरीज ११ तास ४० मिनिटं. मग पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. कॅप्टन व्हायचं तर एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरचा परवाना हवा, त्याला १५०० तास. हातात २००. वर्षाला ७०० मिळाले तर उरलेले दोन वर्षांच्या आत भरतात, २०० मिळाले तर साडेसहा वर्षं.

"म्हणजे चार्टर वाईट?" मी विचारलं. तसं नाही, म्हणाले. कुठे उतरायचं हे आदल्या रात्री कळतं, हवामान, इंधन, परवानग्या स्वतः बघाव्या लागतात, त्यातून वैमानिक घडतो. निवडणुकीच्या दिवसांत मात्र पुढारी सभेत अडकला की तुम्ही पंखाच्या सावलीत बसून. धावपट्टीला दिवे नसतील आणि सूर्य मावळला, तर मुक्काम. बॅगा चढवणं, नाश्त्याचे डबे मोजणं हे को-पायलटकडे. कॉर्पोरेटचं त्यांनी दोन वाक्यांत उरकलं: पगार आणि हॉटेल उत्तम, पण शेठचा धंदा बसला की आधी विमान विकतात, मग बंगला. शिवाय दोनशे तासांच्या पोरीला तिथे सहसा कोणी उभं करत नाही.

प्रादेशिक एअरलाइनवर मात्र गडी रंगात आला. मोठ्या जेटवर को-पायलट एका दिवसात जेवढ्या वेळा उतरतो, त्याहून जास्त वेळा एटीआरवर उतरतो म्हणे. सिमल्याच्या जुब्बरहट्टीची धावपट्टी डोंगरमाथा कापून केलेली, जेमतेम लांबीची, तिथे धाकटं एटीआर ४२ न्यायचं. आमच्या जळगावला फ्लाय९१चं येतं तेही एटीआरच, तेव्हा घरावरून जाशील, म्हणाले. लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला. लगेच पुढे बाँडचं काढलं: टाइप रेटिंग कंपनी देत असेल तर किती वर्षं आणि किती लाखांना बांधून घेतेय, ते सही करण्याआधी वाच.

एक गोष्ट त्यांना सुचलीच नव्हती. शेवटी मीच विचारलं, की एकटी मुलगी, रात्री अकराला फोन, अनोळखी गावात मुक्काम. हॉटेल कोण ठरवतं, आणि छोट्या धावपट्टीवर बाथरूम कुठे असतं? सर गप्प. मग तिथल्या तिथे एका जुन्या सहकारी बाईंना फोन लावला. त्या वीस मिनिटं बोलल्या, फुकट. "खोली आणि गाडी नेमणुकीच्या पत्रात लेखी आहे का बघ, तोंडी नको. आणि बाथरूमचं म्हणशील तर सकाळी पाणी कमी पी, आम्ही सगळ्याजणी तेच करतो." माझ्या मते दीड तासातलं सगळ्यात खरं बोलणं हे.

पाचपैकी चार तारे. जाणार असाल तर स्लाइड नकोत म्हणून आधीच सांगा, आणि पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत. लेकीने एटीआरसाठी अर्ज टाकलाय. एका चार्टरवाल्याकडेही टाकलाय, ते तिच्या बाबांना अजून सांगितलेलं नाही.