बोटीवर वापरायला स्वस्तातला टॅब कुठला? सॅमसंगचे ए९, ए९ प्लस, रेडमी आणि आयपॅड समोरासमोर

कोल्हापूरकरांनी बोटीचा टॅब कशाला बघायचा असं कुणाला वाटेल, पण आपल्याकडं बऱ्याच जणांचे पाव्हणे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याला आहेत, कुणाची स्वतःची होडी, कुणी टुरिस्ट बोटीत पैसे घातलेत, आणि मोबाईल-टॅब घ्यायचा म्हटलं की फोन येतो तो घाट चढून इकडंच, राजारामपुरीत काय भाव चाललाय बघ जरा म्हणून. माझ्या मावसभावाची मालवणात फायबरची उघडी होडी आहे, मागं आऊटबोर्ड म्हणजे बाहेर लटकवलेलं इंजिन, आणि मित्राबरोबर भागीदारीत केबिनवाली मोठी बोटपण आहे. त्याला टॅब पाहिजे दोन कामांना, दिवसा नकाशा बघायला आणि रात्री जाळं टाकून बसलं की पिक्चर बघायला, बजेट वीस हजाराच्या आत. त्यासाठी जे तपासलं ते सगळं इथं लिहितोय.

आधी जीपीएसचं, म्हणजे सॅटेलाईटवरून आपली जागा कळायच्या सोयीचं बोलू, कारण बाकी सगळं त्याच्या नंतर. टॅबच्या जाहिरातीत स्क्रीन, स्पीकर, बॅटरी सगळं मोठ्या अक्षरात असतंय, आत जीपीएसची चिप आहे का नाही हे मात्र कुठंतरी शेवटी बारीक अक्षरात, नाहीतर नाहीच. आणि शहरात ते कळतपण नाही, कारण टॅब आजूबाजूच्या वायफायवरून अंदाजानं जागा काढतो, मॅप उघडला की निळा ठिपका बरोबर आपल्या गल्लीत दिसतो, माणसाला वाटतं झालं, चालतंय की. समुद्रात गेल्यावर वायफाय नाही, टॉवर नाही, मग तो ठिपका बंदरावरच अडकून बसतो आणि बोट पुढं गेलेली असते.

आता एकेक बघू. रेडमी पॅड एसई, अकरा इंची, वायफायवाला. पैशाच्या मानानं लई भारी टॅब, मोठी स्क्रीन, चार स्पीकर, ८००० एमएएचची बॅटरी, घरी पोरांना द्यायचा असला तर डोळे झाकून घ्या. पण त्यात जीपीएस नाही, त्यामुळं बोटीसाठी विषय तिथंच संपतो. शाओमी पॅड ६ त्याच्यापेक्षा महाग, त्यातपण नाही. वेगळा ब्लूटूथवाला जीपीएस रिसीव्हर जोडता येतो, पण तो घेतला की एकूण खर्च जीपीएसवाल्या टॅबच्याही वर जातो आणि चार्ज करायला, सांभाळायला आणखी एक वस्तू वाढते, उघड्या होडीत हे झेपणारं नाही.

आयपॅडचं तर लोकांना माहीतच नसतं, की नुसत्या वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, सिमवाल्या म्हणजे सेल्युलर मॉडेलमध्येच असतं. रिचार्ज मारायची गरज नाही, सिम चालू नसलं तरी जीपीएस चालतं, पण मॉडेल मात्र सेल्युलरच लागतंय. आणि पैशाचा फरक बघा, २०२५ मध्ये आलेला ए१६ चिपवाला आयपॅड आपल्याकडं वायफायमध्ये ३४,९०० ला आला आणि सेल्युलरमध्ये ४९,९०० ला. म्हणजे पंधरा हजार जास्त, तेवढ्यात इकडं एक अख्खा सॅमसंग येतो. जुना नवव्या पिढीचा सेल्युलर कुणाकडं चांगल्या स्थितीत मिळाला तर विचार करा, फक्त कडेला सिमचा ट्रे आहे का हे स्वतः बघा, विकणारा काय सांगतो त्यावर जाऊ नका.

सॅमसंगचे ए९ आणि ए९ प्लस हे दोन्ही २०२३ चे, यांच्यात वायफायवाल्या मॉडेलमध्येसुद्धा जीपीएस आहे, म्हणून माझा कौल इथंच आहे. लेनोवोच्या एम११ मध्येपण जीपीएस आहे, शिवाय आयपी५२, म्हणजे वरनं चार थेंब पडले तर निभावून जाईल, लाट आली तर नाही.

दुकानात तपासायची पद्धत सांगतो, ही कराच. जीपीएस टेस्ट नावाचं फुकट अॅप टाका, मग वायफाय बंद, सिम असलं तर काढा, आणि टॅब घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर या, डोक्यावर आभाळ पाहिजे, पत्रा नको. थोड्या वेळानं स्क्रीनवर एकेका सॅटेलाईटची उभी पट्टी यायला लागते, आधी करड्या रंगाची दोन-तीन, मग रंग भरत जातो, आणि खाली अक्षांश-रेखांशाचे आकडे हलायला लागतात. चिप नसली तर कितीही वेळ उभे रहा, एकपण पट्टी येत नाही. दुकानदार घाई करेल, करू दे.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, नेट नसताना जीपीएस पहिल्यांदा लागायला वेळ घेतं. नेट असलं की सॅटेलाईटची माहिती पटकन डाऊनलोड होते, नाहीतर ती वरनंच यायची वाट बघावी लागते, आणि सगळ्या सॅटेलाईटची पूर्ण माहिती वरनं यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून जेटीवर रेंज असतानाच अॅप चालू करून जागा पकडू द्यायची, मग दोर सोडायचा.

ए९ का ए९ प्लस, हा खरा प्रश्न. ए९ ची स्क्रीन ८.७ इंच, बॅटरी ५१०० एमएएच. ए९ प्लसची ११ इंच, ७०४० एमएएच, चार स्पीकर, चित्र कितीतरी स्वच्छ. घरात बसून दोन्ही हातात घेतले तर प्लसच आवडणार, मलापण तोच आवडला. पण उघड्या होडीत गोष्ट वेगळी होते. एक हात आऊटबोर्डच्या हँडलवर, दुसऱ्या हातात टॅब, पाण्याचा तुषार काचेवर, थेंब घरंगळत खाली येतो तसा नकाशा आपोआप सरकतो, मधेच मोठा होतो, पुसायला जावं तर अंगठा ओला, ओल्या बोटानं टच घेत नाही, शर्टाला पुसावं तर शर्टपण खारा. अशा वेळी अकरा इंची टॅब एका हातात पेलत नाही आणि वाऱ्यात शिडासारखा फडफडतो. ८.७ इंची पाऊचमध्ये घालून गळ्यात अडकवता येतो, बाकावर क्लॅम्पला घट्ट बसतो. म्हणून होडीला ए९, नाहीतर त्याच मापाचा नंतर आलेला ए११, आणि केबिनच्या बोटीला ए९ प्लस. केबिनमध्ये तो काचेमागं पक्का बसवता येतो, पाणी येत नाही, आणि संध्याकाळी चार जणांनी मिळून पिक्चर बघायला तीच स्क्रीन बरी.

उन्हाचं मात्र दोन्हीकडं रडगाणं आहे. दुपारी बाराला भर समुद्रात या किमतीतला कुठलाच टॅब नीट दिसत नाही, आयपॅडची चमक ५०० निट्सची आहे, तोपण झगडतो. ब्राईटनेस पूर्ण करा, अॅपमध्ये पांढरा दिवसाचा नकाशा ठेवा, आणि वर कापडाची किंवा काळ्या फोमची छपरी करा, तिचा जेवढा फरक पडतो तेवढा पाच हजार जास्त घालून पडत नाही. पोलराईज्ड गॉगल घालणाऱ्यांनी दुकानातच गॉगल लावून टॅब आडवा-उभा फिरवून बघा, काही स्क्रीन एका बाजूनं पूर्ण काळ्या दिसतात. गरमीचं पण बघा, अॅपल स्वतःच ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत आयपॅड वापरा म्हणतं, एप्रिल-मेमध्ये डेकवर, त्यात बंद प्लास्टिकच्या पाऊचमध्ये, हे तापमान कधीच पार होतं आणि मग स्क्रीन आपोआप मंद होते. सॅमसंगपण तापतो, त्यात सूट नाही, पण स्वस्तातला टॅब तापला तर जीव तेवढा खालीवर होत नाही.

पाण्यात पडला तरी चालणारे टॅबपण असतात, सॅमसंगचाच अॅक्टिव्ह५ आठ इंची आहे, आयपी६८, हातमोजे घालून चालतो, बॅटरी काढून बदलता येते. वस्तू एक नंबर आहे, होडीसाठीच बनवल्यासारखी, पण स्वस्त या हिशोबात बसत नाही. रोजच्या धंद्याची बोट असेल आणि पैसे बोटीच्या खात्यातून जात असतील तर मात्र नक्की बघा.

नकाशाचं आता. गुगल मॅपवर समुद्र म्हणजे नुसता निळा रंग, खाली खडक आहे का दोन वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी आहे ते कळत नाही. मालवण बंदरात शिरताना आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली खडक आहेत, तिथं खोली दाखवणारा चार्टच लागतो. नॅव्हिऑनिक्सचं बोटिंग अॅप वर्षाच्या वर्गणीवर मिळतं, ही कंपनी २०१७ मध्ये गार्मिननं घेतली, अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हीवर चालतं, आणि घरी वायफायवर चार्ट डाऊनलोड केला की समुद्रात नेट लागत नाही. ओपनसीपीएन पण आहे, कॉम्प्युटरवर फुकट, पण चार्ट आपण घालायचे, सेटिंग करायला डोकं आणि वेळ लागतो. आपल्या किनाऱ्याचे अधिकृत चार्ट देहरादूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं. आणि कुठलंही अॅप घ्या, देवबागला कर्लीच्या तोंडाशी वाळू सरकत असते, पावसाळ्यानंतर वाट बदललेली असते, तिथं तांडेल, म्हणजे बोटीवरचा जाणता प्रमुख, सांगेल तेच खरं धरायचं.

मासेमारीवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, मासे मिळण्याच्या संभाव्य जागा अक्षांश-रेखांशासकट देतं, ढग दाट असले की देता येत नाही. हे आकडे टॅबमध्ये टाकताना पद्धत कुठली ते बघा. समजा १६ अंश ३ मिनिटं ३० सेकंद असं आलंय आणि तुमचं अॅप मिनिटांचे दशांश मागतंय, तिथं ३.५० टाकायचं असतं, घाईत ३.३० टाकलं की तुम्ही जवळजवळ ३७० मीटर दक्षिणेला जाता. कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. खुल्या पाण्यात जाळं टाकताना चालून जाईल, खडकाची खूण म्हणून टाकलंत तर काय होईल बघा. सेटिंग एकदाच करून ठेवा, खोली वावात पाहिजे तर तीपण तिथंच फॅदमवर करून घ्या.

स्वस्तातल्या टॅबमध्ये होकायंत्राचा सेन्सर बऱ्याचदा नसतोच, त्यामुळं बोट चालू असताना दिशा बरोबर दाखवतो आणि थांबलं की बाण कुठंही फिरतो, हा बिघाड नाही, जीपीएसला हालचालीवरूनच दिशा कळते. आणि टॅब बोटीच्या खऱ्या होकायंत्राजवळ ठेवू नका, स्पीकरमध्ये आणि कव्हरमध्ये चुंबक असतं, सुई वळते. टॅब बंद पडल्यावर तीच सुई कामाला येणार आहे.

रात्रीच्या करमणुकीचं जास्त लांबवत नाही. लाईव्ह मॅच विसरा, किनारा लांब गेला की रेंज जाते. जे बघायचं ते घरून डाऊनलोड करून न्या, ए९ आणि ए९ प्लसमध्ये मेमरी कार्ड बसतं हा मोठा फायदा, आयपॅडला कार्डच नाही. मावसभावाच्या कार्डात मीच पिक्चर भरून दिलेत आणि वर शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल मॅचचे व्हिडिओ, मालवणात बसून तो आता आपल्या पेठांच्या टीमवरनं भांडायला लागलाय. डिझेल इंजिन चालू असेल तर चार स्पीकर काय आणि दोन काय, ऐकू येत नाही, तेव्हा साधा वायरवाला हेडफोन लावा, सॅमसंगच्या दोन्हींना त्याचं भोक आहे, नव्या आयपॅडला नाही.

चार्जिंगला बोटीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर गाडीचा चार्जर चालतो, बॅटरी चोवीस व्होल्टची असेल तर चार्जरवर १२-२४ लिहिलेलं पाहिजे. एक अँपियरचा जुना चार्जर लावू नका, पूर्ण ब्राईटनेस आणि जीपीएस चालू असताना तो लावूनसुद्धा टक्के उतरतच राहतात. एकदम फालतू चार्जरनं बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर खरखर येते, म्हणून बसवल्यावर चॅनल १६, म्हणजे संकटाच्या हाकेचं चॅनल, लावून एकदा ऐका. चार्जिंगच्या भोकात ओल असताना पिन घालायची नाही, खाऱ्या पाण्यात करंट गेला की आतले पॉईंट हिरवे पडतात, त्यापेक्षा भरलेली पॉवर बँक कोरड्या डब्यात ठेवा आणि बंदरावर आल्यावर लावा. अँड्रॉइडमध्ये नकाशाच्या अॅपला बॅटरीची बंधनं काढून टाका, नाहीतर स्क्रीन बंद झाली की सिस्टीम अॅपच बंद करते आणि आलेल्या वाटेची रेघ मधेच तुटते.

आपल्याकडच्या पुराच्या बोटींसाठी विचारणारे असतील तर त्यांनी ए९ चं सिमवालं मॉडेल घ्यावं. चिखली, आंबेवाडी, शिरोळ, कुरुंदवाड भागात पाण्यात गल्ली कुठली आणि नदी कुठली कळत नाही, तिथं खोलीचा चार्ट उपयोगाचा नाही, ऑफलाईन रस्त्यांचा नकाशा पाहिजे, विजेचे खांब, विहिरी, कंपाउंडच्या भिंती यांच्या खुणा कोरड्यातच फिरून टाकून ठेवलेल्या पाहिजेत, आणि टॉवर चालू असेल तोवर लोकेशन दुसऱ्या बोटीला पाठवता आलं पाहिजे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, तोवर लाईट जायला लागलेली असते, म्हणून नकाशे मे महिन्यातच भरून, टॅब एअरप्लेन मोडवर टाकून सगळं उघडतंय का ते बघून घ्या.