लाउगावेगुरवरच्या हट्स: गादी महाग, फळा मोलाचा

आधी निकाल सांगते. आइसलँडच्या हायलँड्समध्ये लान्डमान्नालाउगार ते थोर्समोर्क ही साधारण 55 किलोमीटरची लाउगावेगुर वाट चालायची असेल आणि पाठीवर तंबू वाहायची हौस नसेल, तर फेर्दाफेलाग ईस्लान्द्स या 1927 साली स्थापन झालेल्या संस्थेच्या हट्सना पर्याय नाही. त्या महाग आहेत. एका गादीचे एका रात्रीला दहा हजार क्रोनांहून बरेच जास्त मोजावे लागतात आणि त्यात चादरसुद्धा मिळत नाही. स्लीपिंग बॅग आपली. तरीही माझे पैसे वसूल झाले. कसे, ते पुढे येईलच.

पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच उघडतं आणि जुलै-ऑगस्टच्या गाद्या भराभर जातात. अडतं ते त्यापुढच्या मुक्कामाला, ह्राप्नतिन्नुस्केरच्या हटला. लान्डमान्नालाउगारला 78 जण झोपतात, ह्राप्नतिन्नुस्केरला 52. त्यामुळे तारखा पहिल्या मुक्कामावरून ठरवू नका. आधी ह्राप्नतिन्नुस्केरची रात्र पकडा आणि बाकीच्या रात्री तिच्या मागेपुढे बसवा. भारतीय पासपोर्टवाल्यांना आणखी एक पेच आहे, जो युरोपियन लोकांच्या सल्ल्यांत सापडत नाही. आइसलँड युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये आहे, आणि शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. म्हणजे व्हिसाचा पत्ता नसताना हटचे पैसे भरायचे.

माझ्या नणंदेनं सरळ विचारलं, "वहिनी, आणि नाहीच मिळाला तर?"

"तर वन्सं, घरच्या गादीवर झोपू."

त्या हसल्या नाहीत. बुकिंग रद्द करण्याच्या अटी त्यांनी स्वतः बसून वाचल्या आणि मगच कार्ड काढलं. तुम्हीही तसंच करा.

महिना कुठला? हायलँड्समधले एफ क्रमांकाचे कच्चे रस्ते बर्फ वितळल्यावर, साधारण जूनच्या मध्यापासून पुढे उघडतात, आणि नेमकी तारीख दरवर्षी बदलते. सप्टेंबरमध्ये हंगाम आटोपतो. जूनच्या शेवटी गेलात तर ह्राप्नतिन्नुस्केरच्या आसपास मैलोन्मैल बर्फ तुडवावा लागतो. आम्ही ऑगस्ट निवडला, गुडघ्यांकडे बघून.

रेक्याविकहून बसनं जा. गाडी भाड्यानं घेऊन जाण्यात अर्थ नाही, कारण वाट जिथे सुरू होते तिथे संपत नाही. मग गाडी आणायला परत कोण जाणार? शिवाय एफ रस्त्यांवर फोर बाय फोरच लागते, नद्या ओलांडाव्या लागतात आणि उन्हाळ्यात लान्डमान्नालाउगारला स्वतःची गाडी लावायची तर पार्किंगही आधी राखून ठेवावं लागतं. बसनं चारेक तास लागतात. आमच्या बस कंपनीचं नाव घेत नाही, पण बसायचा थांबा बदलल्याचा ईमेल आदल्या रात्री झोपायच्या वेळी आला आणि फोन कुणी उचलला नाही. ड्रायव्हर मात्र पहिल्या दर्जाचा. हेक्ला दिसू लागल्यावर त्यानं गाडी हळू केली आणि माइकवरून सांगितलं की हा ज्वालामुखी फार आधी कल्पना देत नाही. ते खरंच आहे. 2000 सालच्या उद्रेकाआधी पहिले बारीक भूकंप नोंदले गेल्यापासून लाव्हा बाहेर यायला दीड ताससुद्धा लागला नव्हता. बसमधल्या गप्पा पुढची दहा मिनिटं बंद.

लान्डमान्नालाउगारची हट बघून फार खूश होऊ नका, कारण सगळ्यात जास्त गर्दी इथेच. दिवसभराच्या सहलीचे लोक, तंबूवाले, गरम पाण्याच्या ओढ्यात डुंबणारे. पण जागा अशी आहे की गर्दी माफ. हटच्या मागेच लाउगाह्राउन नावाचा काळा खडबडीत लाव्हा थांबलेला आहे, 1477 च्या सुमाराचा. त्याच्यापलीकडे डोंगर पिवळे, गुलाबी, हिरवट, मध्येच राखाडी. हा रायोलाइट खडक. तोर्फायोकुत्ल या ज्वालामुखीच्या परिसरात तो आइसलँडमध्ये सर्वांत मोठ्या प्रमाणावर आहे. बेसाल्टचे काळे डोंगर बघत मोठ्या झालेल्या माणसाला हे रंग आधी खोटेच वाटतात. ब्रेन्निस्तेइन्सआल्दा या डोंगराच्या उतारावर वाफा निघतात, तिथे खुंट्यांनी आखलेली वाट सोडू नका. कडेची कवचासारखी माती वरून सुकी दिसते, पण खाली उकळतं पाणी असतं.

आता हट्सविषयी. मिळतं काय? एकाला एक लागून गाद्या, गॅसच्या शेगड्या, भांडी, वाहतं पाणी. बूट दाराशीच काढायचे, हे आपल्याला सांगावं लागत नाही. अंघोळ जिथे आहे तिथे तिचे पैसे वेगळे, आणि ह्राप्नतिन्नुस्केरला ती नाहीच. तिथे संडासही बाहेर, वाऱ्यात. कचरा आपला आपण खाली न्यायचा. मोबाईल चार्ज होईल असं धरून चालू नका, पॉवर बँक न्या. तंबूत राहणाऱ्यांना हटचं स्वयंपाकघर वापरता येत नाही. पाऊस आडवा मारत असताना खिडकीच्या आत गरम मेतकूट-भात खाताना जरा अपराधी वाटतं, पण खाल्ला. वाटेत काही विकत मिळेल या भरवशावर राहू नका, सगळं खाणं पहिल्या दिवशी पाठीवर हवं. सामान एका हटहून दुसरीला जीपनं पोचवणाऱ्या सेवाही आहेत. आम्ही घेतली नाही. गुडघे दुखरे असतील तर घ्या, त्यात लाज कसली?

या सगळ्यासाठी एवढे पैसे? नाही पटत. पटतो तो फळा.

प्रत्येक हटवर वॉर्डन असतो आणि दुसऱ्या दिवसाचा हवामानाचा अंदाज तो फळ्यावर लावून ठेवतो. हा अंदाज आइसलँडच्या हवामान खात्याच्या साइटवरही मिळतो, पण डोंगरात नेटवर्कचा भरवसा नाही. दुसरं म्हणजे आकडा वाचावा कसा हे कुणीतरी सांगावं लागतं. तिथे वारा सेकंदाला मीटरमध्ये मोजतात. 18 हा आकडा बघून आपल्याला काहीच वाटत नाही. ताशी किलोमीटरमध्ये तो 65 होतो, आणि पाठीवर मोठी सॅक असली की ती शिडासारखी वारा धरते. ह्राप्नतिन्नुस्केरची वॉर्डन माझ्या मुलीच्या वयाची होती. तिनं आमचे बूट पाहिले, काठ्या पाहिल्या, वन्संचं वय विचारलं (मी विचारलं असतं तर महाभारत झालं असतं) आणि म्हणाली, दुपारनंतर वारा 18 वर जाणार आहे, तुम्ही सहाला निघा. आम्ही सहाला निघालो. आठच्या नाश्त्यानंतर निघालेले लोक संध्याकाळी पुढच्या, आल्फ्तावात्नच्या हटला पोचले तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

ह्राप्नतिन्नुस्केरची हट जवळपास हजार मीटर उंचीवर आहे आणि तिच्या अलीकडे वाटेत दगडांची एक रास लागते. 2004 च्या जूनमध्ये एक तरुण ट्रेकर हिमवादळात तिथे दगावला. हट तिथून साधारण किलोमीटरभरच लांब होती. फळ्यावर "थांबा" लिहिलं असेल तर थांबायचं, हे त्या राशीपाशी वाद न घालता पटतं.

नद्यांचंही तेच. आल्फ्तावात्ननंतर ब्लाफ्यात्लाक्विस्ल आणि शेवटच्या दिवशी थ्रोन्गाउ पायांनी ओलांडाव्या लागतात, पूल नाही. आज पाणी किती आहे आणि कुठून उतरायचं ते वॉर्डनला ठाऊक असतं. सकाळी लवकर पाणी कमी असतं, कारण हिमनदी दिवसा जास्त वितळते. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते. पाण्यात घालायला पट्ट्यांच्या सँडल हव्यात, चपला वाहून जातात. पाणी इतकं गार की पलीकडे गेल्यावर पाय आपलेच आहेत का, हे खाली बघूनच कळतं.

एम्स्त्रुरच्या हटच्या आधी काळ्या वाळूचं मैदान लागतं. डोक्यात हवा नसली तरी नाकात वाळू जाते. डावीकडे मिर्दाल्सयोकुत्लचा बर्फ, आणि त्याच्या खाली ज्वालामुखी, कात्ला. तिचा शेवटचा मोठा उद्रेक 1918 चा. बर्फाखाली ज्वालामुखी फुटला की पुराचा लोंढा येतो, म्हणून उद्रेकाचा इशारा मोबाईलवर आला तर नदीपात्र सोडून उंचावर चढायचं, एवढं पाठ करून ठेवा.

फुकट मिळणारी एक सेवा राहिली. सेफट्रॅव्हलच्या साइटवर आपला मार्ग आणि तारखा नोंदवता येतात. बचावाचं काम लान्डस्ब्योर्ग या संघटनेचे स्वयंसेवक करतात, पगारी नोकर नव्हेत. 112 चं ॲपही घ्या, त्यावरून आपलं ठिकाण पाठवता येतं. वन्संनी घरी सगळ्यांना हे सांगितलं, वाट कशी दिसते हे नंतर.

कुणी जाऊ नये? ज्यांना रोज अंघोळ लागते. ज्यांना घोरणं सहन होत नाही. आणि ज्यांची सुट्टी इतकी मोजकी आहे की एक दिवसही मागेपुढे करता येणार नाही. गाद्या ठरलेल्या तारखांच्याच असतात, त्यामुळे हवेपायी एका जागी अडकलात तर पुढच्या हटमध्ये जागा मिळेलच असं नाही. तेव्हा वॉर्डनशी बोलायचं आणि तो सांगेल तिथे निजायचं. परतीचं विमान आणि चालण्याचा शेवटचा दिवस यांत निदान एक दिवस मोकळा ठेवा. थोर्समोर्कची बस क्रोसाउ नदीच्या पाण्यातून येते, आणि नदी फुगली की तिचं वेळापत्रक कागदावरच राहतं. तो दिवस लागला नाही, तर रेक्याविकमध्ये बूट वाळवायला उपयोगी पडतो.