व्हीएस कोडमध्ये डॉट एसओ डीबग करताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यात वेर्ण्यातल्या एका कारखान्याच्या पॅकिंग लाइनसाठी आम्ही लिनक्सवर प्रोग्राम लिहितो. वजनकाट्याचा ड्रायव्हर ही एक डॉट एसओ फाइल, म्हणजे लिनक्सची शेअर्ड लायब्ररी; प्रोग्राम चालू असताना ती डीएलओपन या फंक्शनने लोड होते. गणेश चवथीआधी लाइन सुरू करून द्यायची होती आणि नेमका तोच ड्रायव्हर क्रॅश होऊ लागला, म्हणून हे लिहायला बसलो.

सेटअप नेहमीचाच: व्हीएस कोड हा एडिटर, त्याचं सीपीपी (सी++) एक्स्टेन्शन आणि खाली जीडीबी हा डीबगर. माझा राग आहे तो त्या राखाडी पोकळ ठिपक्यावर. ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम ठरावीक ओळीवर थांबवायची खूण, बसला नाही की लाल ठिपका राखाडी होतो. त्यावर माउस नेला की उत्तर मिळतं: मॉड्यूल अजून लोड झालेलं नाही, नाहीतर ब्रेकपॉइंटचा मेमरीतला पत्ता मिळाला नाही. अहो, या दोन सर्वस्वी वेगळ्या अडचणी आहेत! पहिलीत नुसतं थांबायचं असतं, डीएलओपन झालं की जीडीबी ब्रेकपॉइंट आपसूक बसवतो. दुसरीत जन्मभर थांबलात तरी काही होणार नाही. दोघींना एकच ठिपका कशासाठी? तासन् तास यात जातात.

वैतागून पैसे भरून दुसरा आयडीई (एडिटर आणि डीबगर एकत्र असलेलं सॉफ्टवेअर) घ्यायचं मनात होतं. वर्षाची फी पाहिली आणि विचार सोडला. मग डीबग कन्सोलमध्ये ‘-एक्झेक इन्फो शेअर्डलायब्ररी’ चालवलं आणि माझं मत बरंच बदललं. लोड झालेली प्रत्येक फाइल पूर्ण पाथसकट समोर येते. ड्रायव्हरच्या ओळीत ‘येस’पुढे कंसात तारा होता, म्हणजे फाइलमध्ये डीबग माहितीच नाही; अडचण दुसरी होती. पुरवठादार ‘तुमचाच कोड तपासा’ हे एकच पालुपद लावून बसला होता. त्या ताऱ्याचा स्क्रीनशॉट पाठवला, तेव्हा कुठे ‘-जी’ लावून, म्हणजे डीबग माहितीसकट, बिल्ड केलेली फाइल आली. बग निघाला त्यांच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (लायब्ररी लोड होताना आपोआप चालणारा कोड), म्हणजे डीएलओपन परत यायच्याही आधी. अशा वेळी जीडीबीची ‘कॅच लोड’ ही कमांड लावा. फाइल मेमरीत आली की कन्स्ट्रक्टर चालायच्या आधीच प्रोग्राम थांबतो.

आणखी एक, माझ्यासारख्या आठ जीबी रॅमवाल्यांसाठी. लाँच डॉट जेसन या डीबगच्या सेटिंग फाइलमध्ये ‘सिम्बॉललोडइन्फो’ घाला, ‘लोडऑल’ फॉल्स करा आणि ‘एक्सेप्शनलिस्ट’मध्ये फक्त हव्या त्या डॉट एसओंची नावं द्या. बाकीच्या लायब्रऱ्यांचे सिम्बॉल्स (फंक्शन वगैरेंची नावं आणि पत्ते) वाचलेच जात नाहीत. डीबगर आता झटकन सुरू होतो आणि नव्या लॅपटॉपचा खर्च यंदा तरी टळला.