पुंजयामिकीतील संवेग: एका ऑनलाइन व्याख्यानमालेचे परीक्षण

पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) संवेगाचा ऑपरेटर, म्हणजे तरंगफलावर करायची गणिती क्रिया, फळ्यावर लिहून द्यायचा आणि तो तसाच का, हे न सांगता पुढे जायचे, ही पद्धत मी इतक्या अभ्यासक्रमांत पाहिली आहे की नुकत्याच पूर्ण केलेल्या या ध्वनिमुद्रित व्याख्यानमालेची सुरुवात मला विशेष भावली. येथे पहिला प्रश्न असा विचारला जातो की, एखादे तरंगफल (कणाची अवस्था सांगणारे फल) किंचित बाजूला सरकवले, तर त्यात काय बदल होतो. तो बदल तरंगफलाच्या अवकलजावर अवलंबून असतो आणि त्यातूनच संवेगाचा ऑपरेटर हाती येतो. मग निश्चित संवेगाची अवस्था म्हणजे सरकवल्यावर जिची केवळ कला (फेज) बदलते ती, आणि अशी अवस्था समतल तरंगाचीच असू शकते. द ब्रॉग्ली यांनी १९२४ मध्ये मांडलेला तरंगलांबी आणि संवेग यांचा संबंध त्यानंतर पाठ करावा लागत नाही. डेव्हिसन आणि जर्मर यांच्या १९२७ च्या प्रयोगातील ५४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी येथे सावकाश काढून दाखवली आहे. ती ०.१६७ नॅनोमीटर येते, तर प्रयोगात ०.१६५ मिळाली होती.

समतल तरंगाचे प्रसामान्यीकरण करता येत नाही, म्हणजे कण कुठेतरी सापडण्याची एकूण संभाव्यता एक करता येत नाही, ही अडचण मात्र दोन वाक्यांत उरकली आहे.

संवेगाच्या अक्षय्यतेवरील व्याख्यान या मालेतील सर्वांत सकस आहे. अभिजात यामिकीत संवेग ही एक संख्या असते आणि ती कायम राहते, एवढे म्हणणे पुरते. परंतु ज्या अवस्थेला निश्चित संवेगच नाही, तिच्या बाबतीत कायम काय राहते? व्याख्यात्यांचे उत्तर नेमके आहे: संस्था सरकवल्याने हॅमिल्टोनियन (एकूण ऊर्जेचा ऑपरेटर) बदलत नसेल, तर एकूण संवेगाची सरासरीच नव्हे, तर त्याच्या संभाव्यतेचे संपूर्ण वितरण काळानुसार जसेच्या तसे राहते. मुक्त कणाचा तरंगपुंज (मर्यादित जागेतले तरंगफल) अवकाशात पसरत जातो, तरी त्याचे संवेग-वितरण जराही हलत नाही, हे शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन आलेखांतून पाहताना जी स्पष्टता येते, ती मला केवळ समीकरणांतून कधी आली नव्हती. परस्परांतील अंतरावरच स्थितिज ऊर्जा अवलंबून असलेल्या दोन कणांचे उदाहरणही उत्तम आहे. तेथे प्रत्येकाचा संवेग बदलतो, पण बेरीज अक्षय्य राहते. आणि ती बेरीज निश्चितपणे शून्य असेल, तर एकाचा संवेग मोजताच दुसऱ्याचा कळतो, जरी मोजण्यापूर्वी दोघांपैकी कोणाचाही संवेग निश्चित नसला तरी.

पेटीतील कणावरच्या, म्हणजे दोन अभेद्य भिंतींमध्ये कोंडलेल्या कणावरच्या, व्याख्यानात मात्र एक गंभीर चूक आहे. न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेत संवेगाची दोनच मूल्ये, सारख्या परिमाणाची आणि विरुद्ध चिन्हांची, मिळतात असे तेथे सांगितले आहे. प्रत्यक्षात तरंगफल भिंतींबाहेर शून्य असल्याने ते दोन अमर्याद समतल तरंगांची बेरीज ठरत नाही. त्याचे फूरिए रूपांतर केले, म्हणजे ते वेगवेगळ्या संवेगांच्या समतल तरंगांत विभागले, की संवेगाचे सलग वितरण मिळते आणि त्याचे शिखर चक्क शून्य संवेगापाशी असते. स्वाध्यायाच्या उत्तरपत्रिकेतही हीच चूक असल्यामुळे बरोबर उत्तर देणाऱ्याचे गुण कापले जातात. हे व्याख्यान पाहण्यापूर्वी विद्यार्थ्याने ते फूरिए रूपांतर स्वतः करावे; अर्ध्या पानात ते पूर्ण होते.