लिम्फोमाचं भवितव्य सांगायला कोणता आसंजन रेणू घ्यावा: सीडी४४, आयकॅम-१, सीडी५८ की सीडी४९डी?

लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग. त्याची पेशी एका जागी बसत नाही. रक्तातून लसीका गाठीत, गाठीतून अस्थिमज्जेत तिची ये-जा चालू असते. ती कुठे थांबते आणि कोणाला चिकटते, हे बऱ्याच अंशी तिच्या पृष्ठभागावरच्या आसंजन रेणूंवर, म्हणजे चिकटवणाऱ्या प्रथिनांवर, अवलंबून असतं. त्यामुळे प्रबंधासाठी किंवा प्रयोगशाळेच्या पॅनेलसाठी यातला एखादा रेणू घ्यावासा वाटणं साहजिक आहे. पण आक्रमक लिम्फोमात १९९३ पासून आयपीआय हा भवितव्य सांगणारा निर्देशांक वापरात आहे. साठीपुढचं वय, रक्तात वाढलेलं एलडीएच हे विकर, खालावलेली शारीरिक क्षमता, तिसरी-चौथी अवस्था आणि गाठींबाहेर एकाहून जास्त ठिकाणी पसरलेला रोग एवढ्याच गोष्टी तो मोजतो. नवा रेणू यापलीकडचं काही सांगत नसेल, तर त्याच्यावर वर्ष घालवू नका.

सीडी४४ सर्वांत जुना आणि मोहात पाडणारा. तो पेशींभोवतीच्या हायल्युरोनन या शर्करायुक्त पदार्थाला चिकटतो, जुन्या पॅराफिन ब्लॉकवरही (मेणात जतन केलेल्या ऊतीवर) त्याचं रंजन होतं. अडचण अशी, की त्याचं साधं रूप निरोगी लिम्फोसाइटवरही असतं. वाईट भवितव्याशी नातं जोडलं गेलं ते मुख्यतः व्ही६ सारख्या बदललेल्या रूपांचं. शिवाय जननकेंद्रातल्या (गाठीतल्या बी पेशी वाढण्याच्या जागेतल्या) बी पेशींवर सीडी४४ मुळातच कमी असतो. म्हणजे तुमचा ‘पॉझिटिव्ह’ गट हा कदाचित जननकेंद्राबाहेरच्या उगमाचाच गट असेल. उगमाचा प्रकार सोबत तपासणार नसाल, तर मी हा रेणू घेणार नाही.

आयकॅम-१ मध्ये गोंधळ वेगळा आहे. पेशीवरचा आयकॅम-१ हरवला, तर टी पेशींवरचा एलएफए-१ हा जोडीचा रेणू तिला नीट पकडू शकत नाही, म्हणून ती खूण वाईट मानली जाते. रक्तद्रवात मात्र तोच रेणू वाढलेला असणं वाईट. ऊतीतला आणि रक्तातला आयकॅम-१ या दोन वेगळ्या चाचण्या समजा. रक्तातला दाहामुळेही वाढतो आणि रोगाच्या एकूण भारासोबत चढतो. ते काम एलडीएच आधीच करतं.

सीडी५८ टी आणि एनके या प्रतिकारक पेशींवरच्या सीडी२ या रेणूला धरतो. डिफ्यूज लार्ज बी-सेल या मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमात सुमारे २१% रुग्णांत त्याच्या जनुकातच बिघाड असल्याचं २०११ मध्ये दाखवलं गेलं. हा बिघाड असलेल्यांत कार-टी उपचाराचा (रुग्णाच्या टी पेशी बदलून परत देण्याचा) परिणाम कमी टिकतो, असंही पुढे दिसलं. प्रतिकारशक्तीवर आधारलेल्या उपचारांचा प्रश्न हाती असेल, तर या चौघांत मला हाच सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. फक्त प्रथिनाचं रंजन आणि जनुकाची तपासणी एकच उत्तर देतील असं धरू नका, कारण जनुक शाबूत असूनही प्रथिन पृष्ठभागावर नसू शकतं.

रोजच्या कामात खरोखर उतरलेला रेणू म्हणजे सीडी४९डी, व्हीएलए-४ या आसंजन प्रथिनाचा अल्फा भाग. त्याचं क्षेत्र मात्र सीएलएल (बी पेशींचा दीर्घकालीन रक्तकर्करोग) आणि त्याचंच गाठींतलं रूप, स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा. स्ट्रोमातल्या (आधार देणाऱ्या ऊतीतल्या) व्हीकॅम-१ आणि फायब्रोनेक्टिन या प्रथिनांना धरून पेशी तिथे तग धरते. २०१४ मध्ये जवळजवळ ३,००० रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा फ्लो सायटोमेट्रीवरच्या (एकेका पेशीवरची प्रथिनं लेसरने मोजणाऱ्या चाचणीतल्या) खुणांमध्ये तोच सर्वांत भक्कम ठरला. मर्यादा ठरलेली आहे: ३०% किंवा जास्त पेशींवर असेल तर पॉझिटिव्ह. आणि यामागची यंत्रणा उपचारातही दिसते. आयब्रुटिनिब हे औषध सुरू केल्यावर पेशी गाठींतून रक्तात सुटतात, पण सीडी४९डी पॉझिटिव्ह रुग्णांत त्या कमी सुटतात आणि गाठीही कमी आटतात.

तेव्हा सीएलएलचे ताजे नमुने येत असतील, तर विचार न करता सीडी४९डी घ्या. मोठ्या पेशींच्या लिम्फोमाचे ब्लॉक असतील, तर सीडी५८, आणि आयपीआयची पाचही अंगं प्रत्येक रुग्णासाठी नोंदवून. सीडी४९डी वाचताना नुसता टक्का लिहून मोकळे होऊ नका, आलेखही बघा. काही रुग्णांत पेशींचे दोन वेगळे गट दिसतात, आणि टक्का तिसाच्या खाली असला तरी त्यांचा रोग पॉझिटिव्ह रुग्णांसारखा वागू शकतो.