फोटोखाली काय लिहायचं: मनातलं, माहिती, की काहीच नाही?

बेळगावात पहिलं प्रदर्शन लावताना बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं. प्रिंट आल्या, फ्रेमा झाल्या, आता खालच्या पट्टीवर काय लिहायचं? तिन्ही प्रकार मी करून पाहिलेत, म्हणून सांगतो.

मनातलं लिहिण्याचा मोह सगळ्यात मोठा. निपाणीत विडी वळणाऱ्या एका मावशींचा फोटो काढला होता. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली तेंदूपानं, दारातून तिरपा उजेड. खाली मी लिहिलं, ‘हरवलेल्या आयुष्याची व्यथा’. नंतर प्रिंट द्यायला गेलो, तेव्हा त्यांच्या मुलीनं ती ओळ मोठ्यानं वाचली. मावशी म्हणाल्या, “मी कुठं दुःखात हाय? पोरीच्या लग्नाचा हिशेब घालालतो मनात.” व्यथा माझी होती, ती त्यांच्या तोंडावर मी चिकटवली होती. आजही तो प्रसंग आठवला की मला लाज वाटते.

मोठ्या फोटोग्राफरांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात, मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, मुलांना कवटाळून बसलेल्या आईचा फोटो काढला. तो अमेरिकेतल्या महामंदीच्या काळाचा चेहराच झाला. त्या आईनं अन्नासाठी गाडीचे टायर विकले, असं लँग यांनी सांगितलं. कुटुंबानं पुढे ते नाकारलं. त्या बाईंचं नाव जगाला कळायला १९७८ उजाडलं, आणि तेव्हा त्या म्हणाल्या की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं.

आता नुसती माहिती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चिकोडी भागात शिरलं, तेव्हाचा घरांच्या छपरांचा एखादा फोटो घ्या. गाव आणि तारीख काढून टाकली तर ते शांत, सुंदर पाणी दिसतं. पट्टीवर दोन शब्द आले की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, भावना वेगळी लिहावी लागत नाही. फोटोग्राफर केविन कार्टर यांचा सुदानमधला गिधाड आणि उपाशी मुलाचा फोटो १९९३ च्या मार्चमध्ये छापून आला, तेव्हा वाचकांनी विचारलं ते हेच, की त्या मुलाचं पुढे काय झालं? फोटोग्राफरला काय वाटलं हे नंतरचं. वर्तमानपत्राला काही दिवसांनी त्याबद्दल खुलासा छापावा लागला. त्यामुळे जिथे माणूस संकटात आहे, तिथे माहिती हवीच. माझ्या मते यात पर्याय नाही.

काहीच न लिहिणं बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतासारख्या फोटोला चालून जातं. ‘कमल बस्ती, १२०४’ एवढं असलं तरी पुरे.

खरी अडचण धुक्याची. पावसाळ्यात चोर्ला घाटात जाऊन धुकं टिपलं नाही असा फोटोग्राफर बेळगावात शोधावा लागेल. अशा फोटोत विषयच मनःस्थिती असते. अमेरिकन फोटोग्राफर आल्फ्रेड स्टिगलिट्झ १९२२ पासून ढगांचे फोटो काढू लागले ते याच ओढीनं. ढग म्हणजे आपल्या आतल्या अवस्थेचं समतुल्य रूप, असं ते मानत. इथे फोटो काढणारा मनातलं बोलला तर मला चालतं, पण ‘उदास’, ‘एकाकी’ असली विशेषणं नकोत. एका मित्रानं धुक्याच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘आईच्या तेराव्यानंतरची सकाळ, चोर्ला’. ही माहितीच आहे. तरी त्या फोटोसमोर मी बराच वेळ उभा राहिलो.

आपल्याकडे भाषेचाही प्रश्न आहे. प्रदर्शनाला मराठी वाचणारा येतो तसा कन्नड वाचणाराही येतो, आणि पट्टी दोन्ही भाषांत असावी असं मला मनापासून वाटतं. गाव, तारीख, काम हे सहज जातं. ‘कारुण्य’सुद्धा जसंच्या तसं जातं. ‘हुरहुर’ मात्र अडली. माझ्या कन्नड मित्रानं तीन शब्द सुचवले आणि तिन्ही स्वतःच खोडले.

तेव्हा प्रदर्शन लावणार असाल तर प्रत्येक फोटोखाली गाव, तारीख आणि चाललेलं काम दोन्ही भाषांत लिहा. मनातलं, कुणी फोटोसमोर थांबून विचारलं तर तोंडी सांगा. आणि फोटोत चेहरा असेल तर पट्टी छापण्याआधी ती त्या माणसाला वाचून दाखवा. निपाणीच्या त्या फोटोखाली आता मावशींचं स्वतःचं वाक्य आहे, त्यांना विचारून लावलेलं.